नऊ खडे, चोवीस घरं

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता आषाढात तुकोबांच्या पालखीचा होतो. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्या धावतात. बेलवाडीला गोल रिंगण होतं. पुढे लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी अशी गावं घेत सोहळा इंदापुरात पोचतो. विसाव्याच्या ठिकाणी वारकरी फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, आणि या वाटेवर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. खुद्द तुकोबांच्या गाथ्यात विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी, टिपरी या खेळांवर अभंग आहेत.

पालखी पुढे गेली की शेळगावचा हा पट्टा पुन्हा आपल्या कामाला लागतो. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि मधली जमीन पर्जन्यछायेतली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजी अमदानीत नीरा डावा कालवा निघाला, तेव्हापासून इथलं शेत कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून असतं. पाऊस आपल्या हातात नाही, पाळी आपल्या हातात नाही, भवानीनगरच्या कारखान्याला घातलेल्या उसाचा भावही आपल्या हातात नाही. जिथे जगण्याचा एवढा भाग दुसऱ्याच्या हाती असतो, तिथे ज्यात नशिबाला थाराच नाही असा खेळ मला फार मोलाचा वाटतो. त्याचं नाव नवकंकरी.

याला ना फासे लागतात, ना कवड्या. पत्ते पिसायचे नसतात, पिशवीत हात घालून काही काढायचं नसतं. दोघांकडे सारखेच नऊ खडे आणि पट दोघांनाही सारखाच दिसतो. समोरच्याच्या हातात काय आहे हे माहीत असतं. त्याच्या मनात काय आहे, एवढंच ओळखायचं असतं. खडे चालवणं हा खेळाचा उत्तरार्ध. डावाचा कल ठरतो तो त्याआधी, ते एकेक करून मांडताना. हा लेख मुख्यतः त्या मांडणीविषयी आहे. वाचून झाल्यावर कुणीही, कुठेही, एका पैशाचा खर्च न करता हा खेळ खेळू शकेल, अशा बेतानं तो लिहिला आहे.

पट आखताना

फरशीवर कोळशानं किंवा खडूनं एक मोठा चौकोन काढा. हातभर लांबीच्या बाजू पुरे. त्याच्या आत दुसरा चौकोन काढा आणि दुसऱ्याच्या आत तिसरा. तिन्ही चौकोनांत अंतर सारखं ठेवा. आता प्रत्येक बाजूचा मध्य धरून बाहेरच्या चौकोनापासून आतल्या चौकोनापर्यंत रेघ ओढा. अशा चार रेघा होतील. सगळ्यात आतला चौकोन मोकळाच ठेवायचा. रेघ त्याच्या पोटात शिरू द्यायची नाही.

जिथे दोन रेघा मिळतात किंवा छेदतात, ते घर. प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे आणि चार मध्य, म्हणजे आठ घरं. तीन चौकोनांची मिळून चोवीस. खडा नेहमी घरावर ठेवायचा, रेघांमधल्या मोकळ्या जागेत नाही. बुद्धिबळाची सवय असलेली मुलं पहिल्यांदा हमखास मोकळ्या जागेतच खडा ठेवतात.

काही ठिकाणी कोपऱ्यांनाही तिरक्या रेघांनी जोडतात. मग तीन जुळवण्याच्या सोळा ओळींच्या वीस होतात आणि खेळ जास्त दाटीचा होतो. दक्षिण आफ्रिकेत मोराबाराबा नावानं खेळला जाणारा प्रकार असाच आहे. तिथे दोघांकडे बारा-बारा खडे असतात. नवशिक्यांनी मात्र तिरक्या रेघा न काढता, नऊ खड्यांनीच सुरुवात करावी.

खडे कशाचेही चालतात, फक्त दोघांचे वेगळे ओळखू यावेत. एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे कौलाचे तुकडे. एकाच्या ज्वारीच्या ताटाच्या कांड्या, दुसऱ्याच्या बाभळीच्या शेंगांतल्या बिया. जुन्या कौलाची खापरी दगडावर घासून गोल केली की ती हाताला फार छान लागते. ती घरंगळत नाही, वाऱ्यानं उडत नाही, आणि दुसऱ्याच्या काळ्या चिंचोक्याशेजारी लाल उठून दिसते.

आधी मांडणी

पट रिकामा असतो. कुणी सुरुवात करायची हे ठरवून एकानं एक खडा कुठल्याही रिकाम्या घरावर ठेवायचा, मग दुसऱ्यानं एक. असं आळीपाळीनं अठरा खडे पटावर येईपर्यंत चालतं. ठेवलेला खडा या टप्प्यात हलवायचा नाही.

कुणाचेही तीन खडे एका सरळ ओळीत, लागोपाठच्या तीन घरांवर आले की त्याची तिकडी झाली. चौकोनाची कोणतीही बाजू ही एक ओळ आणि मधल्या चार जोडरेघा याही ओळी. तिकडी झाली की समोरच्याचा एक खडा उचलायचा. उचललेला खडा डावात परत येत नाही. एक बंधन आहे: समोरच्याच्या जुळलेल्या तिकडीतला खडा उचलता येत नाही. त्याचे सगळेच खडे तिकड्यांमध्ये असतील, तरच तो उचलण्याची सूट मिळते.

नियम एवढेच. पण त्यांच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे. पटावर चोवीस घरं आणि खडे अठरा. मांडणीत कुणाचाच खडा मेला नाही, तर शेवटी फक्त सहा घरं मोकळी राहतात. अठरा खड्यांना हलायला सहा घरं! म्हणून मांडताना तिकडीची घाई करणारा पुढे अडकतो. त्याला एक खडा मिळतो खरा, पण त्याचे खडे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि समोरचा त्यांच्या तोंडाशी येऊन बसतो.

दुसरी गोष्ट घरांची. सगळी घरं सारख्या किमतीची नाहीत. बारा कोपऱ्यांच्या घरांना दोनच वाटा असतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यांना तीन वाटा. मधल्या चौकोनाचे चार मध्य मात्र चौफुले आहेत, तिथून चारी बाजूंना जाता येतं. बाजार भरतो तो चौफुल्यावर, हे इंदापूर तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिले खडे या चार घरांवर जातील असं पाहावं, आणि समोरच्याला ती चारही मिळू देऊ नयेत.

तिसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. पटावरचं प्रत्येक घर बरोबर दोन ओळींत येतं. कोपरा घ्या, त्याच्या दोन बाजू त्या दोन ओळी. मध्य घ्या, एक ओळ त्याच्या बाजूची आणि एक जोडरेघेची. त्यामुळे ठेवलेला प्रत्येक खडा दोन कामं करू शकतो. चांगला खेळणारा एका कामासाठी खडा ठेवतच नाही. त्याचा खडा एका ओळीत समोरच्याला अडवतो आणि दुसऱ्या ओळीत स्वतःची तयारी करतो.

गुण्या

दिवाळीच्या सुट्टीत शेळगावातल्या एका ओट्यावर मी दोन भावंडांना हा खेळ शिकवला. थोरली आठवीतली, धाकटा पाचवीतला. ओट्याला शहाबादी फरशी होती, तिच्यावर खडूचा पट छान उमटला. थोरलीनं चिंचोके घेतले आणि धाकट्यानं खापऱ्या.

धाकट्यानं पहिली खापरी मधल्या चौकोनाच्या वरच्या मध्यावर ठेवली. थोरलीनं खालच्या एका कोपऱ्यात चिंचोका ठेवला. धाकट्यानं दुसरी खापरी त्याच मधल्या चौकोनाच्या उजव्या मध्यावर ठेवली. दोन्ही खापऱ्या एका ओळीत नव्हत्या, म्हणून थोरलीला त्यात धोका दिसला नाही. तिनं आपल्या कोपऱ्याशेजारी दुसरा चिंचोका ठेवला. आता पुढच्या खेपेला तिची तिकडी होणार होती. धाकट्यानं ती ओळ अडवली. थोरलीनं आणखी एक ओळ धरली आणि त्यानं तीही अडवली. आपण त्याला नुसतं पळवतोय, असं तिला वाटत होतं. मग तिचा एक चिंचोका अशा घरावर पडला की कुठेच धोका उरला नाही, आणि धाकट्यानं सावकाश मधल्या चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर खापरी ठेवली.

थोरली बघतच राहिली. वरच्या बाजूला आता त्याच्या दोन खापऱ्या होत्या आणि डावा कोपरा मोकळा होता. उजव्या बाजूलाही दोन होत्या आणि खालचा कोपरा मोकळा होता. एक अडवली तर दुसरी जुळणार.

“आबा, ह्यानं दोन्हीकडनं धरलं की!” ती आजोबांकडे वळून म्हणाली.

आजोबा शेजारी बसून दोर वळत होते. “बाई, तो कोपरा तू आधीच घ्यायचा होतास,” एवढंच म्हणाले.

गवंडी कोपरा काटकोनात आहे का हे ज्या गुण्यानं पाहतो, त्याच आकारात ते तीन खडे बसले होते. दोन लगतच्या बाजूंचे मध्य आणि त्यांच्यामधला कोपरा. समोरच्याचे दोन खडे दोन लगतच्या बाजूंच्या मध्यांवर आले आणि मधला कोपरा रिकामा असला, तर बाकी सगळं सोडून तो कोपरा घ्यावा. दोन्ही ओळी तिथेच मिटतात. तेवढं एक घर सोडलं की मग एका खेपेत दोन भोकं बुजवावी लागतात, आणि हात तर एकच असतो.

त्या मुलानं हा डाव आधी पाहिला नव्हता. तो फक्त एक प्रश्न विचारत होता: हा खडा अजून कुठे उपयोगी पडेल? ज्याला हा प्रश्न सुचला, त्याला नवकंकरी अर्धी आली.

मग चाल

अठरावा खडा पडला की मांडणी संपते आणि चाल सुरू होते. आता आपल्या पाळीला आपला एक खडा रेघेवरून लगतच्या रिकाम्या घरात सरकवायचा. उडी मारायची नाही, समोरच्याच्या खड्यावरून जायचं नाही. सरकवल्यामुळे तिकडी जुळली की समोरच्याचा एक खडा उचलायचा.

जुळलेली तिकडी मोडून पुन्हा जुळवली तरी खडा मिळतो. म्हणजे एका खेपेला खडा बाहेर काढायचा आणि पुढच्या खेपेला परत आणायचा. समोरचा शहाणा असेल तर मधल्या काळात तो रिकाम्या झालेल्या घरात येऊन बसतो आणि तिकडी कायमची मोडते. तिकडी उघडण्याआधी शेजारच्या घरांत समोरच्याचा खडा तर नाही ना, हे बघून घ्यावं.

यावर तोड म्हणजे जोडतिकडी. समजा बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूला तुमचे तिन्ही खडे आहेत. त्याखाली मधल्या चौकोनाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवरही तुमचे खडे आहेत आणि त्यांच्यामधलं घर रिकामं आहे. आता बाहेरच्या ओळीचा मधला खडा एक घर खाली सरकवा. वरची तिकडी उघडली, पण खालची जुळली. एक खडा उचला. पुढच्या खेपेला तोच खडा वर न्या. खालची उघडली, वरची जुळली. आणखी एक उचला. पाच खडे आणि एक रिकामं घर एवढ्यावर दर खेपेला समोरच्याचा एक खडा जातो. वाटेत त्याला त्या रिकाम्या घरात शिरता आलं किंवा एखादी तिकडी साधून तुमची जोडी फोडता आली तरच तो वाचतो, नाहीतर डाव संपल्यातच जमा असतो. पण ही जोडी चाल सुरू झाल्यावर जमवायला गेलात तर उशीर होतो. तिचे चार खडे तरी मांडणीतच जागेवर पडलेले असावे लागतात.

हरण्याच्या वाटा दोन. खडे घटून दोनच उरले की तिकडी होणं शक्यच नसतं, म्हणून डाव गेला. किंवा खडे आहेत पण एकही हलवता येत नाही, पुरते कोंडले गेले, तरीही डाव गेला. दुसऱ्या प्रकारचा विजय मला जास्त आवडतो. त्यात एकही खडा न मारता केवळ जागा धरून जिंकता येतं. कोपऱ्यांत खडे भरून ठेवणारा असाच कोंडला जातो.

ज्याच्याकडे तीनच खडे उरले, त्याला कुठल्याही रिकाम्या घरात उडी मारण्याची मुभा काही ठिकाणी देतात. ती द्यायची की नाही, हे डाव सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं. मुलांबरोबर खेळताना मी ती देतो. हरत आलेल्याला शेवटपर्यंत आशा राहते आणि जिंकत आलेल्याला शेवटपर्यंत सावध राहावं लागतं.

दोघंही चुकलेच नाहीत तर काय होतं? झुरिकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात राल्फ गॅसर या संशोधकानं १९९३ मध्ये संगणकाच्या मदतीनं याचा निकाल लावला. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर डाव बरोबरीत सुटतो. पहिला हात मिळाला म्हणून कुणी जिंकत नाही. इतकी शतकं माणसं जो पट आखत आली, तो दोघांनाही सारखा न्याय देणारा आहे.

दगडावरच्या खुणा

हा खेळ कुण्या एका प्रांताचा नाही. आंध्र-तेलंगणात त्याला दाडी म्हणतात. हंपीच्या देवळांच्या मंडपांत फरशीवर कितीतरी खेळांचे पट कोरलेले आहेत. आपल्याकडेही लेण्यांत, घाटवाटांवर, गडांवर आणि देवळांच्या ओट्यांवर असे पट अभ्यासक नोंदवत आले आहेत: कुठे तीन चौकोनांचा, कुठे गोट्या पेरत जाण्याच्या खेळाचे खळगे, कुठे वाघ-बकरीचा.

परदेशातही हीच गोष्ट. नॉर्वेत १८८० साली गोकस्टाड इथे जमिनीत पुरलेलं, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं जहाज निघालं. त्यात सापडलेल्या लाकडी फळीवर हाच पट होता. स्पेनमधल्या कास्तीलच्या दहाव्या अल्फोन्सो राजानं १२८३ मध्ये खेळांवर सचित्र ग्रंथ करून घेतला, त्यातही हा खेळ आहे. इंग्लंडच्या जुन्या कॅथीड्रलांच्या दगडी बाकांवर तो कोरलेला आढळतो. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अतिवृष्टीचं वर्णन करताना, हिरवळीत खणून काढलेला हा पट चिखलानं भरून गेल्याचा उल्लेख येतो. इंग्लंडातले गुराखी आणि आपल्याकडचे गुराखी कधी भेटले नसतील, पण दोघांनीही जमिनीवर हेच तीन चौकोन काढले.

आपल्याकडे पटावरच्या खेळांची नोंद ठेवण्याची परंपराही जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये फाशांचे आणि बुद्धिबळाचे खेळ आले आहेत. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१ मध्ये संस्कृतात ‘क्रीडाकौशल्य’ रचलं, ते तर सगळं खेळांवरच आहे. विसाव्या शतकात बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मोक्षपटाचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. भांडारकर संस्थेत ग्रंथपाल राहिलेल्या वा. ल. मंजूळ यांनी त्याच्या जुन्या पटांचा शोध घेतला. मोक्षपटात कवडी पडेल तसं शिडीनं चढायचं आणि सापाच्या तोंडी घसरायचं. तिथे माणसानं दैव स्वीकारायला शिकावं. नवकंकरीत दैवाचं काहीच नाही, जे झालं ते आपल्याच हातानं. दोन्ही शिकवण्या लागतात, म्हणून दोन्ही पट टिकले.

दगडावर पट दिसला की तो देवळाइतकाच जुना, असं मात्र समजू नये. देऊळ बाराव्या शतकातलं असेल आणि पट मागच्या पिढीतल्या गुराख्यानं कोरलेला असेल. उलट एखादा पट उभ्या भिंतीत, जिथे खेळताच येणार नाही अशा जागी दिसला, तर तो दगड भिंतीत बसण्याआधी कुठेतरी आडवा होता हे नक्की. पाथरवटांनी विसाव्याला तो कोरला असेल, किंवा जुन्या बांधकामाचा दगड पुन्हा वापरला असेल. म्हणून पट कुठे आहे हे पाहणं, तो कसा आहे हे पाहण्याइतकंच महत्त्वाचं असतं.

मांडणीचे इतर खेळ

नवकंकरीचा सख्खा भाऊ म्हणजे वाघ-बकरी. तो दोन असमान पक्षांचा खेळ आहे. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात, नेपाळच्या बाघचालमध्ये चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ पटावर आधीच बसलेले असतात आणि उडी मारून बकरी खातात. बकऱ्या एकेक करून मांडायच्या आणि सगळ्या मांडून झाल्याशिवाय एकही हलवायची नाही. बकरीवाल्यानं प्रत्येक बकरीच्या पाठीमागचं घर भरून ठेवलं की वाघाला उडीच मारता येत नाही. मेंढरं राखणाऱ्या माणसांच्या मुलखात हा डाव समजावून सांगावा लागत नाही.

शहरांत आज मांडणीचे खेळ नव्या रूपात परत आलेत. त्यातला सर्वांत गाजलेला ‘कार्कासॉन’. दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव घेऊन क्लाउस-युर्गन व्रेडे या जर्मन माणसानं तो २००० साली आणला आणि २००१ मध्ये जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. यात पट आधी नसतोच, तो खेळताना तयार होतो. जाड पुठ्ठ्याच्या बहात्तर चौकोनी फरश्या असतात आणि प्रत्येकीवर रस्ता, तटबंदीचं शहर, शेत किंवा मठ यांचा तुकडा छापलेला असतो. पाळी आली की एक फरशी उचलायची आणि मांडलेल्या फरश्यांना लावायची: रस्त्याला रस्ता, शहराला शहर, शेताला शेत जुळलं पाहिजे. मग हवं तर त्याच फरशीवर आपला एक लाकडी माणूस उभा करायचा. रस्ता पुरा झाला की फरशीमागे एक गुण, शहर पुरं झालं की फरशीमागे दोन, मठाच्या आठही बाजू भरल्या की नऊ. काम पुरं झालं की माणूस परत हातात येतो.

डावपेच इथेही मांडणीचेच. आपली माणसं सगळी अडकवून ठेवू नयेत. हातात एक तरी मोकळा असावा, नाहीतर चांगली फरशी आली तरी तिच्यावर हक्क सांगता येत नाही. समोरच्याचं मोठं शहर पुरं होत आलं असेल, तर त्याच्या तोंडाशी अशी फरशी लावावी की ते भोक भरायला एखादीच विशिष्ट फरशी लागेल. किंवा शेजारी आपलं छोटं शहर उभारून ते त्याच्या शहराला जोडून घ्यावं, मग गुण दोघांनाही मिळतात. फरशी कुठली येईल हे मात्र नशीब ठरवतं. तेवढ्यापुरता हा खेळ नवकंकरीपेक्षा मोक्षपटाच्या जवळ जातो.

अठ्ठावीस सोंगट्यांचा डॉमिनो असो, अक्षरं मांडण्याचा स्क्रॅबल असो, या साऱ्यांत एक धागा आहे. मांडलेली गोष्ट तिथेच राहते आणि तिच्यामुळे समोरच्यालाही जागा मिळते. आपण काय मिळवतो याबरोबर आपण काय उघडं करतो, हे प्रत्येक खेपेला मोजावं लागतं. परदेशी खेळांच्या पेट्यांना हजारांत पैसे पडतात. ते खेळ चांगले आहेत, परवडत असतील त्यांनी जरूर घ्यावेत. पण ज्या मुलाच्या बापाकडे तेवढे पैसे नाहीत, त्याला ही बुद्धी मिळू नये असं कुठे आहे? दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात आणि ऊसतोडीची कुटुंबं फडाशेजारी कोप्या घालून राहतात. त्यांच्या मुलांना पट आखायला जमीन पुरेशी आहे आणि खडे तर पायाखालीच आहेत.

नवी फरशी घालण्याआधी

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार चालले आहेत. भक्तिभावानं वर्गणी जमते, जुन्या दगडी ओट्यावर चकचकीत ग्रॅनाइट किंवा टाइल बसते, खांबांना रंग लागतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण खालच्या दगडावर कुणी कोरलेला पट असेल, तर तो सिमेंटखाली जातो आणि गावाच्या विसाव्याची एक लेखी खूण कायमची पुसली जाते. राजाच्या नावाचा शिलालेख असता तर गावानं तो जपला असता. हा सामान्य माणसांचा शिलालेख आहे, एवढाच फरक.

म्हणून काम सुरू होण्याआधी एक दिवस काढावा. ओटा, पायऱ्या, पार, बारवेचा काठ, वेशीजवळचे दगड झाडून, पाण्यानं धुऊन घ्यावेत. सकाळी लवकर किंवा मावळतीला, ऊन तिरपं असताना पाहावं. झिजलेल्या रेघा तेव्हाच उठून दिसतात. पट दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढावा, लांबी-रुंदी लिहावी, जागा लिहावी. खडूनं किंवा रंगानं रेघा गिरवू नयेत, त्यानं दगड बिघडतो. मग गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारावं: इथे काय खेळायचात, कशानं खेळायचात, तीन खडे उरले की उडी होती का? नियम दगडावर कोरलेले नसतात. ते या माणसांच्या तोंडी आहेत, आणि त्यांची नोंद दगडाच्या आधी व्हायला हवी.

इंदापूर तालुक्यात असं पाहण्यासारखं पुष्कळ आहे. नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर आहे. मालोजीराजांच्या नावाशी जोडलेली इंदापूरची गढी आहे. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं. पाणी खूप खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. त्यावेळी शिखराचे फोटो सगळेच काढतात. पायाखालचा दगडही पाहावा. काही निघेल, काही निघणार नाही. पण पाहिलंच नाही तर कळणार कसं?

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात ऑइलपेंटनं नवकंकरीचे दोन पट रंगवून घ्या. एक डबा भरून चिंचोके आणि खापऱ्या ठेवा. पावसाळ्यात मैदान चिखल झालं की मुलांना तिथे बसवा. पहिल्या आठवड्यात फक्त मांडणीच खेळायला द्या, चाल नको. अठरा खडे पडले की कुणाला किती चाली मोकळ्या उरल्या ते मोजायला सांगा. ज्याच्या जास्त, तो जिंकला. मांडणीचं मर्म मुलांच्या हाताला असं लवकर बसतं.

घरच्यांसाठीही तेच. या दिवाळीत अंगणात किल्ला होईल, दारात रांगोळी निघेल. रांगोळीच्या बाजूला तीन चौकोन काढायला दोन मिनिटं लागतात. आजी-आजोबांना पहिला खडा ठेवू द्या. मुलांना हरवा, मुलांकडून हरा, आणि डाव संपल्यावर ‘तू हा खडा इथे का ठेवलास?’ हे आवर्जून विचारा. कारण सांगता येणं हेच या खेळातलं खरं शिकणं आहे, आणि ते पाऊस, पाळी, भाव यांतल्या कशावरही अवलंबून नाही.